मुंबई सहलीचा शेवटचा दिवस: रात्रीच्या गाडीपर्यंत मुलांना कुठे न्यावं?

परभणीच्या बाई

नमस्कार. आमची शाळा परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. नववीची ३८ मुलं, त्यात २१ मुली, आणि आम्ही ४ शिक्षक डिसेंबरच्या शेवटी मुंबईला निघालोय. शनिवारी राणीची बाग आणि वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, रविवारी गेटवे आणि घारापुरी एवढं पक्कं झालंय. मुक्काम दादरला एका धर्मशाळेत.

प्रश्न सोमवारचा आहे. सकाळी आठला खोल्या सोडायच्या आहेत आणि परतीची देवगिरी एक्सप्रेस रात्री सीएसएमटीहून. बस फक्त रविवारपर्यंत ठरवलीय. म्हणजे मधला अख्खा दिवस सामानासकट आमच्या अंगावर.

सहल ठरवून देणाऱ्याने एक यादी पाठवलीय: सिद्धिविनायक, हाजी अली, सी लिंक, जुहू, संध्याकाळी मॉल आणि तिथून थेट स्टेशन. त्यासाठी बस आणखी एक दिवस घ्यावी लागेल. मुख्याध्यापकांना यादी आवडली. पालकांनी पोटाला चिमटा काढून वर्गणी भरलीय, तेव्हा जितकी ठिकाणं जास्त तितकं बरं, असं ते म्हणतात, आणि त्यांचंही चूक नाही. पण मला धास्ती वाटते. तिसऱ्या दिवशी मुलांचे पाय बोलायला लागलेले असतात. आणि मॉलमध्ये ज्याच्या खिशात पैसे आहेत तो हिंडेल, ज्याच्याकडे नाहीत त्याने काय करायचं?

आमच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. घारापुरीला जाताना बघतील, पण लाँचमध्ये आम्ही सगळे त्यांना खाली बसवण्यातच गुंतलेले असू. त्यांना समुद्र नीट, निवांत बघायला मिळावा एवढं मला फार वाटतं. त्यात मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय दिवसभर हवी. कुणी असा दिवस काढलाय का?


ठाणेकर

आधी वारांचं सांगतो. घारापुरी सोमवारी बंद असते, राणीची बाग बुधवारी. तुमचं शनिवार-रविवारचं बरोबर बसलंय, ते काही झालं तरी सोमवारवर ढकलू नका. नेहरू तारांगण सोमवारी बंद, म्हणून कुणी ते सुचवलं तर नाही म्हणा.

जुहू गाळा. जुहूहून संध्याकाळी सीएसएमटीला बसने यायचं म्हणजे वाटेत काय होईल याचा भरवसा नाही. गाडी चुकली तर ३८ मुलांना रात्री घेऊन कुठे जाणार?

मॉलला मात्र माझा विरोध नाही. लोअर परळला आहेत, स्वच्छतागृहं चांगली, ऊन नाही, मुलं एका छताखाली राहतात. आमच्या सोसायटीतल्या मुलांना सरकते जिने आणि खालची मोठी दुकानं बघूनच आनंद झाला होता.


निवृत्त तिकीट तपासनीस

बाई, माझी नोकरी व्हीटीला, म्हणजे आताच्या सीएसएमटीला, गेली. डिसेंबर-जानेवारीत रोज रात्री सहलीच्या शाळा फलाटावर बघायचो. सकाळपासून बसमधून फिरवलेली मुलं ओळखू यायची: बॅगेवर डोकं टाकून झोपलेली, एखादं उलटी करून पांढरं पडलेलं, आणि सर मोजतायत, पुन्हा मोजतायत. कुठे कुठे गेलात म्हणून विचारलं तर मुलांना आठवायचं नाही. एक जण सांगायचा, दुसरा म्हणायचा ते तर काल. म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

माझं ऐका, सोमवारी बस घेऊच नका. सगळा दिवस व्हीटीच्या आसपास चालत काढा. सांगतो कसं.

धर्मशाळा आठला नाही, सहाच्या आत सोडा. खेड्यातली मुलं, पहाटे उठायची सवय असते. सोमवारी आठनंतर दादरहून व्हीटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सामान घेऊन शिरणं तुमच्या मुलांचं काम नाही. सहाला गर्दी नसते. नऊ-दहा मुलं आणि एक शिक्षक असे गट करा. शिक्षक सर्वांत शेवटी चढेल. मध्य रेल्वेची, व्हीटीला जाणारी स्लो लोकल घ्या. याच्यात एक मोठी सोय आहे: व्हीटी हे शेवटचं स्टेशन. गाडी पुढे जातच नाही. कुणाला झोप लागली, कुणी दुसऱ्या डब्यात गेलं, तरी सगळे तिथेच उतरणार. उलट दिशेला, म्हणजे संध्याकाळी कुठून तरी दादरला उतरायचं असतं, तर मी तुम्हाला नकोच म्हटलं असतं. गर्दीत उतरता न आल्यामुळे पुढे गेलेली मुलं मी पाहिलीत. आणि प्रत्येक मुलाला एक वाक्य पाठ करून घ्या: चुकलो तर जिथे आहे तिथून हलणार नाही. शोधणारा तिथेच परत येतो. खिशात चिठ्ठी असू द्या, तिच्यावर चारही शिक्षकांचे मोबाइल आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक. रेल्वेचा १३९ शिक्षकांनी फोनमध्ये घालून ठेवावा.

व्हीटीला उतरलात की सामान क्लोकरूममध्ये. रात्रीचं तिकीट आणि ओळखपत्र लागतं. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, त्यामुळे छोटी कुलपं गावातूनच आणा. ३८ बॅगा जमा करायला वेळ लागेल, घाई करू नका. तोवर मुलींना बाईंबरोबर महिला प्रतीक्षालयात पाठवा. तोंडबिंड धुऊन, वेण्या घालून त्या ताज्यातवान्या होतील. मग नाष्टा.

आता साडेआठ-नऊ वाजलेत. इथे माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. लोकलच्या फलाटांसमोर जो मोठा मोकळा भाग आहे, तिथे भिंतीच्या कडेला मुलांना दहा-पंधरा मिनिटं उभं करा. काही सांगू नका. एक लोकल येते, थांबायच्या आत माणसं उतरायला लागतात आणि अख्खा फलाट बघता बघता भरून वाहतो आणि रिकामा होतो. तोवर शेजारच्या फलाटावर दुसरी आलेली असते. १ ते ७ फलाट लोकलचे, ८ ते १८ लांबच्या गाड्यांचे. तुमच्या मुलांपैकी काही पुढे याच गर्दीत नोकरीला येतील. मुंबई म्हणजे काय हे त्यांना जुहूला कळणार नाही, इथे कळेल.

मग भुयारी मार्गाने समोर महापालिकेच्या बाजूला जा आणि मागे वळून स्टेशनची इमारत दाखवा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने केलेली, काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ ची. २००४ पासून हे स्टेशन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. म्हणजे तुमची मुलं रविवारी घारापुरीचं एक आणि सोमवारी हे दुसरं अशी दोन जागतिक वारसास्थळं बघतील, हे मुख्याध्यापकांना जरूर सांगा. मुलांना तारखा नका सांगू, शोधायला लावा. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. घुमटाच्या टोकावर एक स्त्री उभी आहे, तिच्या हातात काय काय आहे? एका हातात मशाल, दुसऱ्यात चाक. भिंतीवर मोर, माकडं, पानं-फुलं किती सापडतात बघा. ते कोरीवकाम करण्यात इथल्याच कला शाळेतल्या, म्हणजे आजच्या जे. जे. मधल्या विद्यार्थ्यांचे हात होते. हे मुलांना सांगितलं की ती वेगळ्याच नजरेने बघतात. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी रोज त्या दगडाखालून गेलो आणि अजूनही गेलो की वर मान जाते.

आणि हे सांगायला विसरू नका: इमारत नंतरची, गाडी आधीची. १६ एप्रिल १८५३ ला याच भागातून, बोरीबंदरहून, पहिली प्रवासी गाडी ठाण्याला गेली. १४ डबे, ३ इंजिनं, ३४ किलोमीटर. रात्री तुमची देवगिरीही इथूनच निघून ठाण्याकडेच जाणार. तुमची मुलं त्याच वाटेने घरी जातील.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ चालत हुतात्मा चौक. तिथे दोन मिनिटं शांत उभं राहा. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी जीव दिला, १ मे १९६० ला राज्य झालं. इतिहासाच्या पुस्तकात हे असतं, पण जागा दिसली की पोरं गप्प होतात. पुढे महात्मा गांधी मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. गेटवे बांधणाऱ्या जॉर्ज विटेटचंच हे काम, १९२२ ला लोकांसाठी उघडलं. सोमवारी चालू असतं, सव्वादहाला उघडतं. शाळेचं पत्र आधी पाठवून ठेवा. स्वच्छतागृहं आहेत, बाग आहे, सावली आहे. दुपार तिथे काढा. सगळी दालनं बघायचा हट्ट नको. मूर्ती, प्राणी-पक्ष्यांचं दालन, आणि प्रत्येक मुलाने आवडलेली एक वस्तू वहीत काढायची. बस.

दुपारी ओव्हल मैदान. मध्ये उभं राहून पूर्वेला बघितलं की राजाबाई टॉवर आणि विद्यापीठ, उच्च न्यायालय. पश्चिमेला वळलं की गोल कोपऱ्यांच्या, आर्ट डेको धाटणीच्या इमारती. दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये वारसा यादीत गेल्या. तर तिसरंही झालं, बाई. मैदानात मुलांना तासभर मोकळं सोडा, पळू दे. चर्चगेटवरून पाचच्या आधी मरीन ड्राइव्हला पोहोचा आणि कठड्यावर बसा. सूर्य मावळेपर्यंत उठू नका. तुम्ही म्हणता तो निवांत समुद्र इथे मिळतो.

फक्त कठड्यापलीकडच्या त्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर एकालाही उतरू देऊ नका. शेवाळ असतं, फटी खोल असतात. पाण्यात जाणं तर नाहीच, गिरगाव चौपाटीलाही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडला सहलीतली मुलं बुडाली ती आठवा. समुद्र बघायचा, त्यात उतरायचं नाही, हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा. आणि रविवारी लाँचमध्ये प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय सुटू देऊ नका. डिसेंबर २०२४ चा घारापुरीच्या बोटीचा अपघात ताजा आहे.

अंधार पडला की जोड्या करून चालत व्हीटी. पाऊण तास धरा.


मुंबई सहलीला गेलेली

मी हिंगोलीकडची. आमची सहल नववीतच गेली होती आणि शेवटच्या दिवशी आम्हाला बाजारात सोडलं होतं. बाईंनी पैशांचं लिहिलंय ना, ते अगदी खरं आहे. माझ्याकडे पैसे फार नव्हते आणि मैत्रिणी दुकानात शिरल्या की मी बाहेर चप्पल नीट करत उभी राहायचे. गाडीत सगळ्या एकमेकींच्या वस्तू बघत होत्या, तेव्हा मी वरच्या बर्थवर जाऊन झोपल्याचं सोंग केलं. आज मी स्वतः कमावते, पण ते मनातून गेलेलं नाही.

पण खरेदी अजिबात नको असंही करू नका. घरी लहान भाऊ-बहीण वाट बघत असतात. गावातच सगळ्यांना एकच रक्कम ठरवून द्या, तेवढीच आणायची आणि तेवढीच खर्च करायची. ज्याला जमत नाही त्याचे शाळेने कुणाला न सांगता भरावेत. आणि अर्धा तास, एकाच ठिकाणी, शिक्षक बरोबर.

दुसरं, मुलींपैकी कुणाची पाळी नेमकी तेव्हाच येते. एका बाईंच्या पिशवीत पॅड, जुने कागद, एक जादा सलवार असू द्या आणि ती पिशवी क्लोकरूममध्ये टाकू नका, दिवसभर जवळ ठेवा. मुलींना निघण्याआधीच सांगा की ती कुणाकडे आहे. मागायला लाज वाटते म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली होत्या आमच्यात.


भूगोलाचे सर

तिकीट तपासनीस काकांनी मरीन ड्राइव्हचं सुचवलं, त्यात एक प्रयोग जोडतो. मी हा मुलांकडून करून घेतो आणि वर्गात रेखांश शिकवताना जे कळत नाही ते तिथे कळतं.

परभणी आणि मुंबई जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, पण मुंबई सुमारे ४ रेखांश पश्चिमेला. एका रेखांशाला ४ मिनिटं, म्हणजे मुंबईत सूर्य साधारण १६ मिनिटं उशिरा मावळतो. डिसेंबरअखेर मुंबईचा सूर्यास्त सहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास असतो. सहाच्या सुमारास बाईंनी गावाकडे एका पालकाला फोन लावावा, स्पीकरवर. तिकडे म्हणतील, सूर्य केव्हाच बुडाला. इकडे मुलांच्या डोळ्यांसमोर तो पाण्यावर लाल दिसत असेल. घड्याळ दोन्हीकडे एकच.

मग ओव्हलवर पाहिलेल्या राजाबाई टॉवरच्या घड्याळाची गोष्ट जोडा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरतात. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून या शहराची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत पाळली जायची. मुलांना गणित घाला: ३९ भागिले ४ किती, आणि ते ८२.५ मधून वजा केले तर मुंबईचा रेखांश किती येतो? वहीत काढू दे, कठड्यावर बसूनच.

शक्य असेल तर त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रकही बघून जा. सकाळी गेटवेला पाणी कुठपर्यंत होतं आणि संध्याकाळी कुठे आहे, हे रविवारी-सोमवारी मिळून मुलांना टिपता येईल. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, तेही त्यांच्याच नोंदीतून निघेल. समुद्र न पाहिलेल्या मुलांना पाणी चढतं-उतरतं हे पुस्तकातून सांगून पटत नाही.


ठाणेकर

मॉलचं मी मागे घेतो. हिंगोलीच्या ताईंनी लिहिलंय ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी संध्याकाळी चर्चगेटजवळ रस्ता ओलांडताना भुयारी मार्गच वापरा, साडेपाचनंतर तिथे माणसांचा लोंढा स्टेशनकडे येत असतो आणि तुम्ही उलट्या दिशेला असाल.


परभणीच्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुख्याध्यापकांसमोर हे वाचून दाखवलं. तीन जागतिक वारसास्थळं आणि बसचे पैसे वाचणार, हे ऐकून ते तयार झाले. वाचलेल्या पैशांतून ज्यांना जमत नाही त्या मुलांची खरेदीची रक्कम भरायची असं आम्ही चौघांनी ठरवलंय, आणि कोणाची भरली हे कुठेच लिहायचं नाही. फोन कुणाच्या घरी लावायचा यावर वर्गात आत्ताच भांडणं सुरू झालीत.

काका, दोन शंका. आमच्या निम्म्या मुलांकडे शाळेचीच दप्तरं आहेत, चेन तुटलेल्या. त्यांना कुलूप कसं लावू? आणि रात्री गाडीत बसवताना काय काळजी घ्यावी? आमच्या जागा दोन डब्यांत विभागून आल्यात.


निवृत्त तिकीट तपासनीस

चेन तुटलेली दप्तरं तीन-तीन करून मोठ्या प्रवासी बॅगेत घाला, बॅगेला कुलूप. गावात कुणाकडे तरी लग्नाकार्याच्या मोठ्या बॅगा असतातच, मागून आणा. नगही कमी होतील, कारण क्लोकरूमचे पैसे नगावर असतात. आत काय आहे त्याची यादी एका शिक्षकाजवळ.

गाडीचं: काही शाळा दादरला चढतात, तुम्ही व्हीटीलाच चढा. दादरला गाडी थोडा वेळ थांबते, ३८ मुलं आणि सामान तेवढ्यात होत नाही. व्हीटीला ती सुटण्याच्या आधीच फलाटाला लागलेली असते. सामान साडेसातपर्यंत सोडवून घ्या, शेवटच्या अर्ध्या तासात खिडकीवर रांग असते.

नाव, वय, डबा, बर्थ अशी यादी चार प्रतींत करा. एक टीसीला द्या, तो मनातून दुवा देईल. सवलतीचं तिकीट असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र वरच्या खिशात. दोन डबे आहेत ना, मग सगळ्या मुली एका डब्यात आणि त्यांच्याबरोबर दोन बाई. इतर प्रवाशांना विनंती करून जागा बदलून घ्या, शाळा आहे म्हटल्यावर माणसं ऐकतात. दाराजवळच्या बर्थवर शिक्षकांनी झोपायचं, मुलांनी नाही. आणि रात्रभर दोघांनी आळीपाळीने जागं राहायचं, कारण परभणी सकाळी येते आणि दमलेली मुलं उठता उठत नाहीत. जालना सोडलं की उठवायला सुरुवात करा.